पाणीवालीची नोंद

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा सरकारी दप्तरात गेलेला कागद त्याच दिवशी बाहेर येत असे म्हणतात. हे ज्याला खरे वाटेल त्याने मानावे. पुढची गोष्ट मात्र सगळ्यांनी खरी धरायला हरकत नाही.

एका नदीकाठी एक राज्य होते. राज्याला राजा होता, राजाला दिवाण होता, दिवाणाच्या हाताखाली दप्तरदार होता आणि दप्तरदाराच्या हाताखाली इतके कारकून होते, की ते नेमके किती हे सांगायला आणखी एक कारकून ठेवलेला होता. या गोष्टीत माणसांना नावे नाहीत, हुद्दे आहेत. नाव आहे ते एकट्या शेळीला, कारण तिला हुद्दा नव्हता. तिचे नाव भुरी.

भुरी होती पाणीवालीची. पाणीवाली साठीच्या घरातली, अंगाने काटकुळी, पण कमरेवर घागर घेतली की ताठ चालणारी बाई. नदीच्या काठावर तिची झोपडी होती, दाराशी नवऱ्याने लावलेले जांभळाचे झाड होते आणि झाडाखाली भुरी होती. रोज सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन खेपा ती दप्तरखान्यात घालायची. कारकुनांना दिवसभर तहान लागे. काम केल्यानेच तहान लागते असे नाही.

दप्तरखाना हे त्या राज्याचे भूषण होते. त्याच्या सगळ्यांत आतल्या कोठीत राज्याचे महत्त्वाचे कागद ठेवलेले असत आणि कोठीच्या दाराला एक कुलूप होते. हे कुलूप बनवायला समुद्रापलीकडचा कारागीर आणला होता. त्याचा आकार वाघाच्या तोंडासारखा होता आणि वजन वासराएवढे. त्याला तीन किल्ल्या होत्या. एक दिवाणाकडे, एक दप्तरदाराकडे, एक कोठीवाल्याकडे. तिघे एकत्र आले, तिघांनी आपापली किल्ली फिरवली, तरच दार उघडायचे. दार सोडले की ते आपल्या वजनाने मिटायचे आणि आतला खटका आपोआप पडायचा. किल्ल्यांची भोके फक्त बाहेरून होती. चोर आत जायचा प्रयत्न करील, बाहेर यायचा कशाला करील, असा त्यामागे विचार होता.

पहिला महिना तिघे एकत्र आले. दुसऱ्या महिन्यात दिवाणजींना दुपारी डोळा लागू लागला, कोठीवाल्याच्या सासुरवाडीला कार्ये निघू लागली आणि दप्तरदारांना जिना चढवेना. मग तिन्ही किल्ल्या एका दोरीत ओवून एकाच ठिकाणी ठेवायचे ठरले. बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील, म्हणून त्या कोठीच्या आत, गणपतीच्या कोनाड्यात ठेवल्या. गणपतीच्या कोनाड्यात हात घालायचे धाडस कुठला चोर करणार? किल्ल्या अतिशय सुरक्षित राहिल्या. दार मात्र उघडेच ठेवावे लागले.

बाहेरच्या दरवाजावर दरवान असे. हुकूम असा होता, की आत जाणाऱ्या प्रत्येकाने तांब्याचा बिल्ला दाखवावा आणि दरवानाने त्याची नोंद वहीत करावी. हुकूम चांगला होता. पण दिवाणजींना बिल्ला कसा विचारायचा? दप्तरदार दिवाणजींचे मेहुणे, त्यांना तरी कसा विचारायचा? कारकून तर एकामागोमाग एक लोंढ्याने यायचे, आणि त्या राज्यात मागच्या माणसाच्या तोंडावर दार लावणे हा मोठा अपमान समजत. यावरून ठरलेली लग्ने मोडली होती. त्यामुळे पुढचा मागच्यासाठी दार धरी, "या, या" म्हणे, मागचा त्याच्या मागच्यासाठी धरी, आणि सकाळच्या वेळी ते दार असे हातोहात उघडेच राही.

पण विचारायला तर कुणीतरी हवे. हुकूम होता ना! पाणीवाली एकटी यायची, दोन्ही हात गुंतलेले, मागून कुणी नाही, पुढे कुणी नाही. दरवान तिला विचारी.

"बिल्ला?"

मग ती घागर खाली ठेवायची, कनवटीचा बिल्ला काढून दाखवायची, दरवान वहीत लिहायचा, घागरीवरचे झाकण उचलून आत डोकावायचा, आणि ती घागर पुन्हा कमरेवर घ्यायची. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे. तिला त्याचा राग नव्हता. "दरवानदादांच्या बोरूला तेवढंच काम," असे ती म्हणे. भुरी बाहेर खांबाला बांधलेली असे आणि हा सोहळा रोज पाहत असे.

एका वर्षी पेरण्या झाल्या, पिके वीतभर वर आली आणि पाटाच्या पहिल्या पाण्याची वेळ आली. नदीवरून निघालेला पाट सात गावांतून जात होता. कुठल्या गावाने कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरापासून कुठल्या प्रहरापर्यंत पाणी घ्यायचे, हे राजाच्या आजोबांच्या काळात ठरले होते. ठरण्यापूर्वी बरीच डोकी फुटली होती. म्हणून ते सगळे एका जाडजूड वहीत लिहून ठेवले होते. तिला पाणीपाळीची वही म्हणत. सात गावांचे पाटील पाळी विचारायला आले, दिवाणजींनी वही मागवली, आणि वही जागेवर नाही असे कळले.

शोध सुरू झाला. कारकून टेबलांखाली वाकले, फडताळांवर चढले, कोठीतून बाहेर आले, कोठीत गेले, दिवसातून शंभर वेळा उंबरा ओलांडला. वही मिळाली नाही. तेव्हा दिवाणजींनी डोके चालवले. ते म्हणाले, वही चोरीला गेली म्हणजे कुणीतरी आत येऊन ती नेली. आत कोण आले, हे दरवानाच्या नोंदवहीत असणारच. आणा नोंदवही.

नोंदवही भर दरबारात उघडली. दिवाणजींनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पाणीवाली आली, घागर एक. पाणीवाली गेली. पाणीवाली आली, घागर एक. पाणीवाली गेली. पान उलटले. पाणीवाली आली. पंधरा दिवसांत त्या दप्तरखान्यात दुसरे चिटपाखरूही शिरले नव्हते.

"महाराज," दिवाणजी वही मिटत म्हणाले, "मला वेगळं काही बोलायला नको. नोंदच बोलते आहे."

पाणीवाली हात जोडून उभी होती. ती म्हणाली, की मला वाचता येत नाही, मी वही नेऊन काय करू? वरच्या गावाला दिली असशील, असे दिवाणजी म्हणाले. दप्तरदारांनी मागून पुस्ती जोडली, की शेळीला घातली असेल. दरबार हसला. राजाने हसू दाबले, पण निवाडा दिवाणजींनी लिहून आणला होता तोच दिला. तीन दिवसांत वही परत आली नाही, तर पाणीवालीने राज्याची हद्द सोडावी.

हद्दीपलीकडे म्हणजे माळ. तिथे नदी नाही, तिचे कुणी नाही, जांभळाचे झाड तर उपटून नेता येत नाही. या वयात नवे गाव आणि नवी वाट. तिने पदराने तोंड पुसले आणि विचार करू लागली. घागर घेऊन दारात ताटकळणाऱ्या माणसाला विचार करायची सवय लागते.

दरबार उठला. सगळे गेले, राजा मागे रेंगाळला. तो तरुण होता, आणि निवाडा देऊन झाल्यावर त्याला कधीकधी विचार सुचत. त्याने तिला हाक मारली.

"बाई, खरं सांग. वही कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही, महाराज. पण एक विचारू?"

"विचार."

"दप्तरखान्यात रोज साठ माणसं काम करतात. मी त्यांना पाणी वाढते, म्हणून मोजून ठाऊक. वहीत मी एकटी. मग ती साठ माणसं आत कुठून जातात?"

राजाने नोंदवहीचे पान उलटून पाहिले.

"भिंतीतून जातात म्हणावं, तर भिंत चांगली मजबूत आहे," पाणीवाली म्हणाली.

राजाला आता हसू दाबता आले नाही. पण हसून हद्दपारी टळत नाही, हे पाणीवालीला ठाऊक होते. ती म्हणाली, की मला एकच सवलत द्या. उद्या माझी शेळी पुढच्या दाराने दप्तरखान्यात जाईल. बिल्ला तिच्याजवळ नसेल. तुम्ही आत बसून बघा, पण कुणाला सांगू नका.

"आणि तिला कुणी अडवलं तर?"

"तर मी तिला घेऊन उद्याच हद्द ओलांडते. तीन दिवस कशाला थांबायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा कोठीची पाहणी करायला आला. सोबत दिवाण आणि दप्तरदार. राजाला बिल्ला विचारायचा प्रश्नच नव्हता. दरवानाने वाकून मुजरा केला आणि नोंदवही त्याच्या पोटाखाली दबली.

थोड्या वेळाने कारकुनांचा लोंढा आला. पाणीवालीने भुरीच्या पाठीवर एक लाल फडके गाठ मारून बांधले होते. दप्तराचे कागद अशाच लाल रुमालात बांधतात. ज्याच्याजवळ लाल रुमाल, त्याला अडवू नये, असा नियम नव्हता. पण अडवल्याचे कुणाला आठवतही नव्हते. पाणीवालीने शेळीच्या गळ्यातला दोर सोडला, आणि पाठीवर थाप मारून ती स्वतः खांबाआड उभी राहिली. जांभळाचे झाड, झोपडी आणि नदी, सगळे त्या शेळीच्या चार खुरांवर चालले होते.

भुरी लोंढ्यात शिरली. पुढच्या कारकुनाने मागे न बघता दार धरले आणि "या, या" म्हणाला. भुरी आत गेली. दरवानाने तिला पाहिले. आता खोटे कशाला सांगा, त्याच्या मनात आले होते विचारावे म्हणून. पण पुढचा कारकून हुद्द्याने मोठा होता. शेळी त्याची असली तर?

आत चौकात एका कारकुनाला वाटले, ही जप्तीची शेळी असावी. दुसऱ्याला वाटले, पहिल्याची असावी. तिसरा आवक-कारकून होता, त्याला काहीच वाटले नाही. त्याच्यासमोर लाल रुमाल आला. त्याने आवकवहीत "रुमाल एक" असे लिहिले, शिक्का शाईत बुडवला आणि रुमालावर मारला. शेळी हलली म्हणून शिक्का अर्धा रुमालावर आणि अर्धा शेळीवर उमटला. मग त्याने शिपायाला सांगितले, की हे वर कोठीत दाखल कर.

शिपाई जुना माणूस होता. नोकरीत टिकायचे तर हुकुमाला "का" विचारायचे नाही, हे तो पहिल्या आठवड्यातच शिकला होता. त्याने भुरीचा कान धरला आणि तिला जिन्याने वर नेले.

कोठीचे ते वाघाच्या तोंडाचे दार उघडे होते. दार मिटू नये म्हणून उंबऱ्याशी एक जाड चौकोनी वस्तू अडकवलेली होती. तिच्यावर गोणपाट गुंडाळले होते. ते गोणपाट पेंडीच्या पोत्याचे होते. आत राजा, दिवाण आणि दप्तरदार फडताळे बघत उभे होते. भुरीने उंबऱ्याशी नाक नेले. सकाळपासून तिला कुणी काही खायला घातले नव्हते. तिने गोणपाटाचा कोपरा दातांत धरला आणि मान मागे ओढली.

दार मिटले. खटका पडला. वाघाचे तोंड बंद झाले.

राजा आत, दिवाण आत, दप्तरदार आत. तिन्ही किल्ल्या आत. किल्ल्यांची भोके बाहेर.

दिवाणजींनी आतून हुकूम सोडला, दार उघडा. कारकून जमले. त्यांतल्या किमान बारा जणांना ते दार किल्लीशिवाय कसे उघडते हे पक्के ठाऊक होते, कारण दार यापूर्वीही चुकून मिटले होते आणि त्यांनी ते उघडले होते. पण राजाच्या कानांवर "मला येतं" असे कोण घालणार? बाराही जण छताकडे बघत राहिले. बाकीचे त्या बारा जणांकडे बघत राहिले. आत राजा एका पेटीवर बसला. त्याला घाम फुटला, तहान लागली, आणि बाहेर इतकी माणसे उभी असून कुणी काही करत नाही याचे नवल वाटू लागले. बराच वेळ गेला. दिवाणजींचा आवाज हळूहळू मऊ होत गेला.

एवढ्यात पाणीवालीची खेप आली. खांबाआडून तिने दार मिटल्याचा आवाज ऐकला होता. मग गलका ऐकला, आणि घागर भरून ती दाराशी आली.

"बिल्ला?" दरवान म्हणाला.

"दादा, आत महाराज कोंडलेत."

"ते खरं. पण बिल्ला?"

तिने घागर खाली ठेवली, बिल्ला दाखवला, नोंद होऊ दिली, झाकण उचलू दिले, आणि मग वर गेली. बाराही कारकुनांनी तिला वाट दिली. तिने घागरीत अडकवलेले पाणी वाढायचे ओगराळे काढले, त्याचा लांब चपटा दांडा दार आणि चौकट यांच्या फटीत सरकवला, जरा वर उचलला. आत टक्‌ असा आवाज झाला. समुद्रापलीकडच्या कारागिराचे कुलूप उघडले.

राजा बाहेर आला. आधी तो ओंजळभर पाणी प्याला, मग आणखी ओंजळभर. मग त्याने विचारले, "हे तू कुठे शिकलीस?"

"इथंच, महाराज. दार मिटलं की तुमचे कारकून माझंच ओगराळं मागून नेतात. वाकवून परत देतात, म्हणून मी बघायला यायची."

कारकुनांनी पुन्हा छताकडे पाहिले. त्या दिवशी त्या छताची जितकी पाहणी झाली, तितकी बांधणाऱ्या गवंड्यानेही केली नसेल.

तेव्हा राजाचे लक्ष भुरीकडे गेले. ती जिन्याच्या तोंडाशी शांतपणे गोणपाट चघळत होती. गोणपाट बरेचसे संपले होते आणि आतून लाकडी पुठ्ठा दिसत होता. पुठ्ठ्यावर आजोबांची मोहर होती. राजाने वाकून ती वस्तू उचलली. ती पाणीपाळीची वही होती.

अखेर शिपाई पुढे आला.

"ती मी ठेवली, महाराज. दप्तरदारसाहेब म्हणाले, दाराला लावायला काहीतरी जाड आण. फडताळात हीच सगळ्यांत जाड होती. मग वाटलं, विद्येला पाय लागायला नको, म्हणून वर गोणपाट गुंडाळलं. रोज नमस्कारही करतो."

"अरे, मग इतके दिवस सगळे वही शोधत होते, तू बोलला का नाहीस?"

"हरवलेली वही शोधत होते, महाराज. ही कुठे हरवली होती? ही दारातच होती. मला वाचता येत नाही. आणि मला कुणी विचारलंही नाही."

राजाने दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजींनी दप्तरदारांकडे पाहिले. दप्तरदारांच्या मागे भिंत होती.

वहीचा कोपरा तेवढा भुरीने चावला होता. आतल्या पाळ्या जशाच्या तशा होत्या. त्याच दिवशी पाट सुटला, सातही गावांना आपापल्या पाळीने पाणी मिळाले आणि कुणाचे डोके फुटले नाही. हद्दपारीचा कागद राजाने सगळ्यांसमोर फाडला आणि भुरीला घातला. तिने तो आवडीने खाल्ला.

राजाने पाणीवालीला विचारले, तुला काय हवे? दागिना, जमीन, काही माग. तिने थोडा विचार केला. ती म्हणाली, की माझी झोपडी राहिली, झाड राहिले, मला कमी काही नाही. दरवानदादा मला विचारतात तसेच सगळ्यांना विचारू देत, एवढेच करा. त्या वहीत एकटीनेच राहायचे म्हणजे मोठी जोखीम आहे.

राजाने तसा हुकूम काढला. कोठीच्या दाराला गावच्या लोहाराने केलेले साधे कुलूप लागले, किल्ल्या एकाच्या कमरेला राहू लागल्या, आणि दर माणसामागे बाहेरचे दार लावून घ्यायचे असे ठरले. पहिले आठ दिवस लोक एकमेकांवर रुसले. दोन कारकुनांनी बोलणे टाकले. मग सवय झाली. वाघाच्या तोंडाचे कुलूप पाणीवालीला बक्षीस मिळाले. ते जांभळाखाली पडलेले असे आणि भुरी त्याला बांधलेली असे. ते इतके जड होते, की भुरीला ते ओढून नेता येत नसे. त्या कुलपाने नीट राखलेली ती पहिलीच चीज. तिच्या पाठीवरचा अर्धा शिक्का मात्र पुढे कितीतरी दिवस दिसत होता, आणि नदीकाठची माणसे तिला जरा मानाने वाट देत.

एकदा सकाळी पाणीवाली घागर घेऊन दाराशी आली. तिने बिल्ला दाखवला, नोंद झाली, ती आत गेली. मागून कुणी येत होते. तिने वळून पाहिले, तर राजा. तिचा हात क्षणभर थबकला. मग हुकूम आठवून तिने दार ओढून घेतले आणि खटका लावला.

बाहेर दरवान घामाघूम झाला होता. कपाळ पुसत, जमिनीकडे बघत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "महाराज... बिल्ला?"

राजाने खिसे चाचपले. बिल्ला महालात राहिला होता. तो उन्हात उभा राहिला, एका शिपायाला महालाकडे पिटाळले आणि बिल्ला येईपर्यंत दरवानाशी पिकापाण्याच्या गोष्टी करत बसला. त्याला बरे वाटत होते. आपल्या राज्यात एक तरी दार खरोखर बंद होते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले होते.

तात्पर्य: जे दार फक्त लहान माणसाला अडवते, ते दार कुणालाच अडवत नाही.